टोकिटाएला उशीर झाला, कॉर्कीला होऊ नये

प्रश्न थोडक्यात असा आहे: जन्मभर टाकीत राहिलेल्या, वय झालेल्या ओर्काला (म्हणजे काळ्या-पांढऱ्या किलर व्हेलला) उरलेल्या वर्षांसाठी समुद्रात हलवणं हा तिच्यावर उपकार की अत्याचार? अमेरिकेत मायामीच्या पार्कातली टोकिटाए हलवायच्या आधीच गेली. मग सॅन दिएगोच्या सीवर्ल्ड पार्कातल्या कॉर्कीच्या बाबतीत तरी काय करावं?

मी पशुवैद्य आहे. मुंबईत परळच्या कॉलेजात गाईम्हशींवर शिकलो आणि गेली बावीस वर्षं परदेशात डॉल्फिन, बेलुगा आणि ओर्का यांच्यावर उपचार करतो आहे. माझं मत आधीच सांगतो. कॉर्कीला हलवावं, काही अटींवर हलवावं, आणि ते लवकर करावं. पण प्रत्येक ओर्काबद्दल मी हेच म्हणणार नाही. मला सगळ्यात जास्त छळते ती गोष्ट वेगळीच आहे. निर्णय घ्यायला आपण इतका वेळ लावतो, की शेवटी तो जनावराचं मूत्रपिंड घेतं. टोकिटाएचं तेच झालं.

तिची गोष्ट नीट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ८ ऑगस्ट १९७० रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, व्हिडबी बेटाजवळच्या पेन कोव्ह खाडीत ऐंशीच्या वर ओर्का कोंडले गेले. वेगवान होड्या, डोक्यावर विमान आणि पाण्यात फोडलेले स्फोटकांचे बार, असं करून कळप हाकत आणला होता. पिल्लं वेगळी काढून जाळ्यात घेतली. मोठ्यांना बाहेरचा समुद्र मोकळा होता, तरी त्या जाळ्यापासून हलल्या नाहीत. सात पिल्लं विकली गेली. पाच जनावरं जाळ्यात अडकून गुदमरून मेली. ओर्का हवेत श्वास घेतो, वर येता आलं नाही की तोही बुडतो. बोभाटा होऊ नये म्हणून त्यांची पोटं चिरून, वजनं बांधून ती तळाशी सोडली. नोव्हेंबरमध्ये त्यातली तीन किनाऱ्याला लागली आणि लोकांना कळलं.

विकलेल्या सातांपैकी एक, साधारण चार वर्षांची मादी, मायामी सीक्वेरियम या पार्कात गेली. तिथल्या पशुवैद्याने तिचं नाव टोकिटाए ठेवलं, शोसाठी ते लोलिता झालं. तिची टाकी ८० फूट लांब, ६० फूट रुंद आणि सगळ्यात खोल जागी २० फूट. ऑलिंपिकच्या तरणतलावाच्या लांबीच्या निम्मी. त्यात मध्ये काँक्रीटचा ओटा, त्यामुळे पोहायची मुख्य जागा आणखी अरुंद. टोकिटाए स्वतः वीसएक फूट लांब होती. म्हणजे ती पाण्यात उभी राहिली की शेपूट तळाला टेकायची. ज्या जनावराचे सगेसोयरे एका दिवसात शंभरएक किलोमीटर जाऊ शकतात, त्याने तिथे ५२ वर्षं काढली.

सुरुवातीला सोबत ह्यूगो होता, तिच्याच समाजातला, १९६८ मध्ये पकडलेला. तो टाकीच्या भिंतीवर डोकं आपटून घ्यायचा. मार्च १९८० मध्ये मेंदूतली रक्तवाहिनी फुटून तो गेला. त्यानंतर टोकिटाएने आपल्या जातीचं दुसरं जनावर पाहिलं नाही. डॉल्फिनांची सोबत होती, पण त्यांची बोली वेगळी. ओर्काच्या प्रत्येक कळपाची स्वतःची हाकांची बोली असते, पिल्लू ती आईकडून शिकतं. टोकिटाए शेवटपर्यंत आपल्या एल कळपाच्या हाका काढत होती. चौथ्या वर्षी ऐकलेलं तिने पन्नास वर्षांनंतरही टिकवलं होतं.

आता तारखा बघा. तिला परत न्यावं ही मागणी नव्वदच्या दशकापासून होती. तिचा समाज, म्हणजे सदर्न रेसिडेंट ओर्का, २००५ मध्ये अमेरिकेने नामशेष होण्याच्या धोक्यातला समूह म्हणून जाहीर केला. टोकिटाएला त्यातून वगळलं. तिचा समावेश व्हायला २०१५ उजाडलं. २०२१ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तपासणीत लिहिलं गेलं, की पशुवैद्याचा विरोध असताना तिचा खुराक कमी केला, मासा चांगल्या प्रतीचा नव्हता आणि उड्या मारून तिच्या जबड्याला इजा झाली. २०२२ मध्ये पार्क नव्या मालकांकडे आला आणि तिचे शो थांबले. ३० मार्च २०२३ ला पत्रकार परिषद झाली: पार्क, प्राण्यांसाठी काम करणारी एक संस्था आणि पैसे देणारा एक धनाढ्य माणूस एकत्र आले, दीड ते दोन वर्षांत तिला घरच्या पाण्यात नेऊ म्हणाले. पाणी थंड ठेवणारी नवी यंत्रं बसली, गाळणी सुधारली, स्ट्रेचरमध्ये शिरण्याचा सराव सुरू झाला. १८ ऑगस्ट २०२३ ला ती गेली. साडेचार महिने.

शवविच्छेदनात जुना, वाढत गेलेला मूत्रपिंडाचा आजार आणि न्यूमोनिया यांचा उल्लेख आला. एका आठवड्यात असं होत नाही. तिची राख लमी लोकांनी, जे त्या किनाऱ्याचे मूळ रहिवासी आहेत आणि ओर्कांना नातलग मानतात, सप्टेंबरमध्ये त्यांच्या पाण्यात सोडली. ती घरी गेली ती अशी.

हे वाचताना मला माझ्या हातून गेलेली एक डॉल्फिन आठवते. पार्कचं नाव सांगत नाही. बॉटलनोज मादी, चाळिशीच्या पुढची. तिचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड मंदावलं की रक्तात साठणारा घटक, हळूहळू चढत होतं, लोह उतरत होतं. तिला गोंगाटाच्या मुख्य टाकीतून काढून किनाऱ्यालगतच्या सावलीतल्या तलावात ठेवावं, असं मी लेखी दिलं. पहिली बैठक हंगाम संपू दे म्हणून पुढे गेली. दुसरी विम्याच्या कागदासाठी. तिसरीच्या वेळी व्यवस्थापक बदलला होता. चौथी झालीच नाही. शेवटच्या रात्री मी आणि तिची ट्रेनर कमरेएवढ्या पाण्यात उभे होतो, तिच्या पोटाखाली हात धरून, नाक पाण्याच्या वर राहावं म्हणून. दोन श्वासांमधलं अंतर मी मोजत होतो. तिच्या श्वासाला गोडसर कुजका वास येत होता, जो एकदा कळला की पुन्हा विसरत नाही. पहाटे चारला ट्रेनर म्हणाली, "तिला शिट्टी ऐकू येतेय का रे?" आणि तिने ती रोजची शिट्टी हळूच वाजवली. त्या डॉल्फिनने डोळा उघडला. बस, तेवढंच.

तेव्हापासून "अजून थोडं थांबू, बघू" हे वाक्य मला सहन होत नाही.

वयाचा मुद्दा घ्या, कारण गोंधळ तिथून सुरू होतो. लोक म्हणतात, सत्तावन्न म्हणजे म्हातारी झाली, आता कशाला हलवायची. रानातल्या ओर्का माद्या पन्नास वर्षं सहज जगतात, काही ऐंशी-नव्वदपर्यंत जातात असा अभ्यासकांचा अंदाज आहे. टोकिटाएची आई मानली गेलेली ओशन सन नव्वदीच्या घरात असल्याचं समजलं जायचं. आणि फार थोड्या सस्तन प्राण्यांमध्ये आढळणारी गोष्ट ओर्कांमध्ये आहे: माद्यांची पाळी माणसांसारखी थांबते, चाळिशीच्या आसपास, आणि पुढे कित्येक वर्षं त्या जगतात. ती वर्षं वाया जात नाहीत. सदर्न रेसिडेंटांवर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की सालमन मासा कमी असतो त्या वर्षी कळपाच्या पुढे म्हाताऱ्या माद्या असतात. कुठल्या नदीच्या तोंडाशी कधी मासा येतो हे त्यांना ठाऊक असतं. म्हणजे ओर्कांमध्ये आजी हे कामाचं पद आहे. टाकीतल्या साठ वर्षांच्या मादीकडे ते काम नसतं, एवढाच फरक. तिच्याकडे दहा-पंधरा वर्षं अजून असू शकतात. ती असतील की नाही हे जन्मतारखेवरून कळत नाही, रक्तावरून कळतं.

रक्त कसं काढतात तेही सांगतो, कारण पार्कविरोधी लोक बऱ्याचदा मानतात की तिथे सगळी जबरदस्तीच असते, आणि पार्कवाले मानतात की जनावर खूश आहे म्हणूनच सहकार्य करतं. ट्रेनर हाताने खूण करते. ओर्का उताणी होते, पोट वर, आणि शेपटीचं रुंद टोक काठावर आणून ठेवते. शेपटीच्या खालच्या बाजूला शिरांच्या उथळ खाचा दिसतात. स्पिरिटचा बोळा, बारीक सुई, दोन-तीन नळ्या भरतात. तेवढा वेळ ती श्वास धरून असते. झालं की शिट्टी आणि मूठभर हेरिंग. पुढे नाकावर काचेची बशी धरतात, ती फुंकर मारते, त्यातून फुप्फुसातले जंतू वाढवून बघता येतात. हे सहकार्य खरं आहे आणि तिला म्हातारपणी वाचवणारं आहे. पण चार तास काहीच घडत नसलेल्या टाकीत ट्रेनर हा एकमेव बदल असतो, हेही तितकंच खरं आहे.

नळ्यांमध्ये मी चार गोष्टी बघतो. लोह, कारण या प्राण्यांत आतल्या जळजळीची पहिली चाहूल लोह घसरून लागते. फायब्रिनोजेन, जळजळ असली की रक्तात वाढणारं प्रथिन. पांढऱ्या पेशी. आणि मूत्रपिंडाचे आकडे. एका दिवसाच्या आकड्याला अर्थ नाही. दोन वर्षांचा आलेख हवा. आलेख सपाट असेल तर जनावर प्रवासाला लायक आहे. दर तिमाहीला थोडा वाकत असेल तर खिडकी बंद होत चालली आहे. आणखी एक गोष्ट म्हणजे दात. टाकीतल्या ओर्का काँक्रीट आणि लोखंडी दारं चावतात, दात झिजून आतला मगज उघडा पडतो, तो पोखरून रोज जंतुनाशकाने धुवावा लागतो. अशा जनावराला समुद्रात नेलं तरी रोज तोंड उघडून दात धुणारा माणूस बरोबर लागतो. जन्मभर.

म्हणूनच "सोडून द्या" हा शब्द मला मान्य नाही.

केइको या नर ओर्काचं उदाहरण सगळे देतात, आणि दोन्ही बाजू अर्धवट देतात. आइसलंडजवळ १९७९ मध्ये तो दोनेक वर्षांचा असताना पकडला. कॅनडातून मेक्सिको सिटीच्या एका मनोरंजन उद्यानात गेला. गरम पाणी, लहान टाकी, अंगावर विषाणूचे चट्टे, वजन कमी. १९९३ च्या 'फ्री विली' चित्रपटात तो झळकला आणि मुलांनी पत्रं लिहून पैसे जमवले. जानेवारी १९९६ मध्ये त्याला ओरेगनच्या न्यूपोर्ट मत्स्यालयात नवीन, थंड, खाऱ्या पाण्याच्या टाकीत आणलं. तिथे टनभर वजन वाढलं, चट्टे गेले. सप्टेंबर १९९८ मध्ये विमानाने आइसलंडच्या वेस्टमन बेटांवर, क्लेट्सविक नावाच्या खाडीत, जाळीआड. माणसं त्याला होडीमागे खुल्या समुद्रात फिरवून आणायची. २००२ च्या उन्हाळ्यात तो स्वतःहून निघाला आणि दीड हजार किलोमीटरच्या आसपास पोहत नॉर्वेला पोहोचला. वाटेत त्याने मासा धरून खाल्ला असणार, कारण पोहोचला तेव्हा तो उपाशी दिसत नव्हता. पण नॉर्वेत त्याने केलं काय? एका फिओर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधल्या अरुंद खाडीत, शिरून माणसं शोधली. मुलं त्याच्या पाठीवर बसली. रानटी ओर्कांच्या जवळ तो गेला, पण त्यांच्यातला झाला नाही. १२ डिसेंबर २००३ ला न्यूमोनियाने गेला, सत्तावीसएक वर्षांचा.

पार्कवाले म्हणतात, बघा, फसलं. त्याच्यावर काम केलेल्या संशोधकांनीही नंतर लिहिलं, की रानात सोडण्याच्या अर्थाने ते यशस्वी म्हणता येत नाही. मी त्यांच्याशी सहमत आहे. पण मेक्सिकोतल्या टाकीत तो आणखी किती काळ टिकला असता, हे त्याचं तेव्हाचं अंग पाहिलेल्या कुठल्याही पशुवैद्याला विचारा. पाच वर्षं त्याला लाटा, थंड पाणी, वारा आणि जिवंत मासे मिळाले, आणि रोज माणसांनी बघितलं. हीच वर्षं मला महत्त्वाची वाटतात. केइको "मुक्त" झाला नाही याने मी निराश होत नाही. मुक्त करणं हे उद्दिष्टच चुकीचं ठेवलं होतं.

ज्या ओर्काला खरंच सोडता आलं, ती स्प्रिंगर. २००२ मध्ये सिअ‍ॅटलजवळ एकटी भटकणारी दोन वर्षांची पोरकी पोर. तिचं कुटुंब हाकांवरून ओळखलं, महिनाभर जाळीत ठेवून बरं केलं, माणसाची सवय लागू दिली नाही, आणि त्याच वर्षी जुलैत उत्तरेला जॉनस्टन सामुद्रधुनीत तिच्या नातलगांजवळ सोडलं. पुढे तिला दोन पिल्लं झाली. ती लहान होती, रानातली होती, आणि कळप तिथेच होता. साठीतल्या कॉर्कीला हे लागू करता येणार नाही, कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

मधला मार्ग म्हणजे जाळी लावून बंद केलेली खाडी. समुद्राचंच पाणी, समुद्राचाच तळ, पण रोजचा मासा, औषध आणि डॉक्टर माणसाकडून. हे कागदावर सुंदर आहे आणि प्रत्यक्षात अवघड. २०१९ मध्ये शांघायच्या एका मत्स्यालयातल्या दोन बेलुगा माद्या त्याच क्लेट्सविक खाडीत नेण्यासाठी आइसलंडला आणल्या. खाडीत थोडे दिवस राहून त्यांना पुन्हा किनाऱ्यावरच्या टाकीत आणावं लागलं. लाट, तळाची घाण, होड्यांचा आवाज, जनावराची भीती, सगळं आधी मोजता येत नाही. म्हणून खाडीच्या शेजारी उपचाराची टाकी असलीच पाहिजे. ती नसेल तर मी सही करणार नाही.

हलवण्याविरुद्धचे आक्षेप मी हलके मानत नाही. तासन्‌तास स्ट्रेचरवर लटकलेल्या जनावराच्या फुप्फुसांवर स्वतःच्याच वजनाचा दाब येतो, आणि आधीच न्यूमोनिया असेल तर तो प्रवास शेवटचा ठरू शकतो. टाकीतले जंतू रानातल्या ओर्कांना लागू शकतात. टोकिटाएचा समाज जेमतेम ७५ जनावरांचा आहे, तिथे असा धोका परवडणारा नव्हता, आणि म्हणून तिची खाडी त्यांच्या वाटेपासून दूर हवी होती. आणि ट्रेनर. ओर्का त्यांना ओळखते, आवाजाने, चालण्याने. नांदणीच्या महादेवी हत्तिणीला २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने नेलं तेव्हा गाव रडलं, ते आपण पाहिलं. ते रडणं खरं होतं. ओर्काच्या ट्रेनरांचंही खरं असतं. म्हणूनच ट्रेनरांनी बरोबर जायला हवं, निदान पहिली दोन वर्षं. जे पार्क जनावर देतं पण माणसं देत नाही, ते अर्धंच देतं.

उशिराचा दुसरा धडा फ्रान्सने दिला. २०२१ मध्ये तिथे ओर्का-डॉल्फिनांचे शो बंद करणारा कायदा झाला, काही वर्षांची मुदत देऊन. चांगला कायदा. पण जनावरं कुठे जाणार हे आधी ठरलं नाही. अँतिबच्या मरीनलँडमध्ये चार ओर्का होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मोआना गेला, मार्च २०२४ मध्ये इनूक गेला. उरली विकी आणि तिचा मुलगा केजो. ५ जानेवारी २०२५ ला पार्क प्रेक्षकांना बंद झालं, आणि ही मायलेकरं रिकाम्या पार्कातल्या टाकीतच राहिली. जपानला पाठवायला सरकारने नकार दिला, स्पेनच्या पार्काची टाकी स्पेनच्याच तज्ज्ञांना अपुरी वाटली, कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात शंभरेक एकरांची खाडी बांधायची योजना होती पण जाळी लागलेली नव्हती. कायद्याआधी जागा लागते, हे माझ्या व्यवसायातल्या प्रत्येकाला माहीत आहे. कायदा करणाऱ्यांना कोणी विचारायला सांगितलं नव्हतं. (भारताने मे २०१३ मध्ये डॉल्फिनेरियम उभारायलाच परवानगी द्यायची नाही, असं राज्यांना कळवलं. आपल्यावर ही वेळ येणार नाही, याचं मला मनापासून समाधान आहे.)

आता कॉर्की. ११ डिसेंबर १९६९, ब्रिटिश कोलंबियाचं पेंडर हार्बर. तिच्या ए-५ कळपाला तिथे कोंडून त्यातली काही जनावरं विकली. ती चारएक वर्षांची होती. आधी लॉस एंजेलिसजवळचं मरीनलँड, १९८७ पासून सॅन दिएगोचं सीवर्ल्ड. आज जगात तिच्याइतकी वर्षं माणसाच्या ताब्यात काढलेली दुसरी ओर्का नाही. सात वेळा गाभण राहिली, एकही पिल्लू दोन महिने जगलं नाही. तिची आई स्ट्राइप त्याच पाण्यात २००० च्या सुमारास गेली, लेक न दिसताच. ओर्कालॅब नावाचं संशोधन केंद्र हॅन्सन बेटावर आहे. तिथल्या लोकांनी पाण्याखाली माइक लावून कॉर्कीच्या कुटुंबाच्या हाका दशकानुदशकं ध्वनिमुद्रित केल्या आणि शेजारच्या डबल बे या खाडीत तिच्यासाठी जागा सुचवली आहे. जागा चांगली आहे. आडबाजूला, शांत, आणि तिचे नातलग उन्हाळ्यात जवळून जातात, त्यांच्या हाका पाण्यातून तिला ऐकू येतील.

मग अडचण काय? ऑर्किड.

२१ ऑगस्ट १९८९ ला सीवर्ल्डच्या टाकीत कांडू नावाच्या आइसलंडी मादीने कॉर्कीवर धडक दिली, स्वतःचाच जबडा मोडून घेतला, आणि आतल्या रक्तवाहिन्या तुटून प्रेक्षकांसमोर मेली. कांडूचं अकरा महिन्यांचं पिल्लू ऑर्किड उरलं. त्याला कॉर्कीने वाढवलं. जिची स्वतःची सातही पोरं गेली, तिने शत्रूची पोर सांभाळली. सीवर्ल्ड म्हणतं, कॉर्कीचं कुटुंब आता इथे आहे. हा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो आणि तो खरा आहे. चळवळीतले लोक यावर पटकन पुढे जातात, ते मला पटत नाही. एकाकीपणाने ह्यूगोनंतर टोकिटाएचं काय झालं ते आपण वर पाहिलं. तेच कॉर्कीचं खाडीत करायचं नाही.

पण हाच मुद्दा उलटाही वाचता येतो. कुटुंब इथे असेल, तर कुटुंब हलवा. ऑर्किड टाकीतच जन्मली आहे, तिला समुद्र माहीत नाही, तिचं रक्त अर्धं आइसलंडचं, तिला रानात सोडायचा प्रश्नच नाही. पण मोठी खाडी, डॉक्टर, ओळखीची ट्रेनर आणि बाजूला कॉर्की, एवढं असेल तर ती जाऊ शकते असं मला वाटतं. सीवर्ल्डने २०१६ मध्ये ओर्कांची पैदास थांबवली. म्हणजे आत्ता जी आहेत तीच शेवटची. त्यांच्यातली मरत जातील तशी मागे राहणारी एकटी पडणार. कॅनडाच्या मरीनलँडमधली किस्का २०११ पासून एकटी होती, २०२३ च्या मार्चमध्ये तशीच गेली. सीवर्ल्डने आज ठरवलं नाही, तर शेवटची किस्का ऑर्किड असू शकते.

निर्णय कोणी घ्यायचा? माझ्या मते मालकाने एकट्याने नाही, आणि चळवळीनेही नाही. पार्कशी किंवा चळवळीशी पैशाचा संबंध नसलेले तीन पशुवैद्य, ओर्कांच्या वर्तनाचा अभ्यासक, आणि त्या पाण्याचे मूळ रहिवासी. त्यांना सगळी जुनी कागदपत्रं द्यायची, मागच्या दहा वर्षांचं रक्त द्यायचं, आणि त्यांचं मत छापून सगळ्यांना वाचू द्यायचं. टोकिटाएच्या बाबतीत शेवटच्या काळात स्वतंत्र पशुवैद्यांचे अहवाल लोकांसमोर येऊ लागले, तेव्हा कुठे चर्चा भावनेवरून तब्येतीवर आली. हे तीस वर्षं आधी व्हायला हवं होतं. पैशाचं सांगायचं तर असा प्रकल्प कोट्यवधी डॉलरचा आहे, टोकिटाएसाठी दीड-दोन कोटी डॉलरची भाषा होती. जनावर जगेल तितकी वर्षं खर्च चालणार, म्हणून रक्कम आधी बाजूला ठेवलेली हवी. देणगीदाराचा उत्साह म्हाताऱ्या ओर्कापेक्षा कमी जगतो, हे मी दोनदा पाहिलं आहे.

उद्या मला कोणी कॉर्कीची फाइल दिली, तर मी पहिल्या महिन्यात काहीच हलवणार नाही. रक्त, फुंकरीची तपासणी, फुप्फुसांची आणि मूत्रपिंडांची सोनोग्राफी, दातांचे एक्स-रे. आकडे वाकत असतील, तर मी स्वतः सांगेन की आता हलवू नका; त्याच टाकीत सावली, थंड पाणी आणि शांतता द्या, शो पूर्ण थांबवा, आणि ऑर्किडला तिच्यापासून एक तासही वेगळं करू नका. आकडे सपाट असतील, तर खाडीत उपचाराची टाकी बांधायला सुरुवात करा आणि त्याच दिवसापासून सॅन दिएगोत दोघींना स्ट्रेचरमध्ये शिरायला शिकवा.

त्याला सहा महिने लागतात. आधी कापड नुसतं पाण्यात सोडायचं आणि तिने त्याला नाक लावलं की बक्षीस. मग कापडाच्या वरून पोहायचं. मग आत थांबायचं, पाच सेकंद, दहा, तीस. ऑर्किडला काठावरून बघू द्यायचं, ती कॉर्कीचं पाहून लवकर शिकेल. मग पहिल्यांदा क्रेनचा पट्टा ताणायचा, एक हातभर, आणि लगेच खाली सोडायचं. आणि रोज संध्याकाळी, दिवे मंद झाल्यावर, पाण्याखालच्या स्पीकरवर डबल बेच्या पाण्याचा आवाज लावायचा. आधी नुसतं पाणी, दगडांवर आपटणारं. तिच्या कुटुंबाच्या हाका इतक्यात लावायच्या नाहीत. त्या पोहोचल्यावर, आणि त्या पाण्यातूनच.